कादंबरीत वारलेल्या बाई

मुद्देबाई कादंबरीत वारल्या, त्याच महिन्यात त्यांच्या घशाचा अहवाल हाती आला. अहवाल चार ओळींचा होता आणि कादंबरी तीनशे पानांची, म्हणून लोकांनी कादंबरीवर विश्वास ठेवला.

मुद्देबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. एकतीस वर्षं त्या एकाच शाळेत भाषा शिकवत होत्या आणि कुठलाही निबंध लिहायला देण्याआधी फळ्यावर दहा मुद्दे लिहून देत होत्या. मुलांनी प्रत्येक मुद्द्यावर दोन ओळी लिहायच्या आणि मुद्द्याचा शब्द पट्टी लावून पेन्सिलीने अधोरेखित करायचा. "परीक्षकापुढे तीनशे पेपर असतात," त्या सांगत, "एका पेपराला मिनिटं मिळतात तीन. तेवढ्यात तो तुमचं मन वाचत बसत नाही, रेघा वाचतो." यात काही खोटं नव्हतं. बाईंच्या वर्गातलं कोणी भाषेत नापास झाल्याचं शाळेला आठवत नव्हतं.

दरवर्षी पहिल्या सहामाहीत 'माझे आवडते शिक्षक' हा निबंध यायचा. त्याचे मुद्दे बाईंना झोपेतही पाठ. साधी राहणी. डोळ्यांवर चष्मा. झिजलेली पायताणं. बाहेरून कडक, आतून मायाळू. स्वतःचा डबा उपाशी मुलाला. आजारी असूनही वर्गावर हजर. मोठ्या नोकरीला नकार. मेणबत्तीसारखं जळणं. शेवटचा तास. सर्वांच्या डोळ्यांत पाणी. वर्गातल्या मुलांचे खरे आवडते शिक्षक खेळाचे सर होते, कारण ते शिट्टी वाजवून चेंडू टाकायचे आणि झाडाखाली वर्तमानपत्र उघडून बसायचे. पण निबंधात सगळ्यांचेच आवडते शिक्षक चष्मा लावून उपाशी राहत होते, आणि बासष्ट वह्यांमध्ये बासष्ट वेळा मेणबत्तीसारखे जळत होते.

स्वतः बाई यातल्या एकाही मुद्द्यात बसत नव्हत्या. अंगाने भरलेल्या, नजर शाबूत, पायात मऊ तळव्यांचे रुंद बूट. डबा शेवटच्या घासापर्यंत स्वतः खात. शाळा सुटल्याची घंटा झाली की मुलांच्या आधी फाटकाबाहेर. घरी घड्याळं दुरुस्त करणारे यजमान, खिडकीपाशी त्यांचं टेबल, आणि सकाळी कामाला जायच्या आधी देवापुढे दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत त्या देवाला फारसा त्रास देत नसत. सगळ्यांना बरं ठेव, एवढंच मागणं.

त्या वर्षी मात्र त्यांनी स्वतःसाठी मागितलं. ग्रंथालय मागितलं.

झालं असं होतं की वर्षभर आवाज घोगरा होत होत एका सकाळी हजेरी घेताना तो निम्म्यावरच बसला. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि विचारलं, "वर्गात मुलं किती?"

"बासष्ट."

"आणि माईक?"

बाईंना हसू आलं, पण हसण्याचा आवाज आला नाही, नुसती हवा आली. डॉक्टर म्हणाले, "हेच. स्वरयंत्रावर गाठी आहेत. औषधाने बसतील, पण गप्प राहिलात तर. वर्गात आणखी एक वर्ष ओरडलात तर उरलेलं आयुष्य चिठ्ठ्या लिहून काढाल. कुजबुजणंसुद्धा नको, त्याने घसा जास्तच ताणला जातो."

नोकरीची चार वर्षं राहिली होती. आणि योगायोग पाहा, शाळेचे ग्रंथपाल नुकतेच मुलाकडे राहायला कायमचे निघून गेले होते. ग्रंथालय तळमजल्यावर, खिडकी मागच्या अंगणात, दारावर 'शांतता राखा' अशी पाटी. बाईंना पगार देऊन गप्प बसवणारी जगात ती एकच खोली होती. त्यांनी डॉक्टरांचा अहवाल जोडून अर्ज केला. मुख्याध्यापक म्हणाले, "झालंच समजा, बाई. समितीची सही तेवढी राहिली."

सही व्हायच्या आधी कादंबरी आली.

लिहिणारी याच शाळेतली माजी विद्यार्थिनी, आता दूरच्या शहरात राहणारी. कादंबरी एका शाळाबाईंवर, आणि पहिल्याच पानावर अर्पणपत्रिका: 'ज्यांनी मला लिहायला शिकवलं त्या माझ्या भाषेच्या बाईंना.' वर्तमानपत्राने रविवारी अर्धं पान भरून कौतुक छापलं. शाळेने दहा प्रती मागवल्या. आणि प्रत्येकाने हिशोब मांडला: पुस्तक बाईंना दिलंय, पुस्तकात बाई आहेत, म्हणजे त्या याच बाई.

मुद्देबाईंनी पुस्तक दोन दिवसांत संपवलं, हातात लाल पेन धरून, कारण दुसऱ्या कुठल्या रीतीने वाचायची त्यांना सवयच नव्हती. पुस्तकातल्या बाई काडीसारख्या बारीक होत्या. चष्मा होता. बिनलग्नाच्या, एका भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या. पायताणं झिजलेली. डबा रोज एका पोरक्या मुलीला. घसा बसतो, डॉक्टर बजावतात, कचेरीतली सोपी नोकरी चालून येते, बाई नकार देतात आणि खडूने लिहून लिहून शिकवत राहतात. दोनशे ऐंशीव्या पानावर फळ्यापुढेच कोसळतात. वाक्य अर्धं राहतं. सर्वांच्या डोळ्यांत पाणी.

बाईंनी पुस्तक मिटलं आणि चिठ्ठीवर यजमानांना लिहून दाखवलं: "दहाच्या दहा मुद्दे. पोरीने एकही सोडला नाही."

"मग मार्क किती?" यजमानांनी भिंग डोळ्यावरून काढत विचारलं.

बाईंनी दोनदा दहा बोटं दाखवली. वीसपैकी वीस.

यजमानांना हसायला आलं खरं, पण ते फार दिवस टिकलं नाही. आठवडाभरात घरी पायताणांचे तीन जोड आले, पालकांनी प्रेमाने पाठवलेले. तिन्ही चिमुकल्या पावलांचे. एकातही बाईंचा पाय अंगठ्यापलीकडे जाईना. एक बाई भेटायला आल्या आणि दारात यजमानांना पाहून दचकल्या. "आपण कोण?"

"मी त्यांचा कादंबरीबाहेरचा नवरा," यजमान म्हणाले. "या ना, बसा."

बाजारात लोक बाईंना वाट सोडू लागले. भाजीवाली पिशवीत दोन कांदे जास्त टाकून डोळे पुसायची. आणि शाळेत मुख्याध्यापकांनी बाईंना खोलीत बोलावून घेतलं.

"बाई, तो अर्ज मागे घ्या," ते म्हणाले.

बाईंनी पिशवीतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. "का?"

"का म्हणजे? तुम्ही पान दोनशे ऐंशी वाचलंत ना?"

"त्या बाई वारतात," बाईंनी लिहिलं.

"वारतात! फळ्यापुढे! हातात खडू!" मुख्याध्यापकांचा आवाज भरून आला, पुस्तक त्यांनी तेवढ्याच पानापुरतं वाचलं होतं. "आणि तुम्ही म्हणता मला ग्रंथालयात बसवा. लोक काय म्हणतील? पुस्तकातल्या बाईंनी सोपी नोकरी लाथाडली आणि खऱ्या बाई तीच मागतायत? शाळेची काही शोभा राहील का?"

"मला वारायचं नाही," बाईंनी लिहिलं.

"तसं कोण म्हणतंय, बाई! तुम्ही फक्त शिकवत राहा."

पुढे त्यांनी आणखी एक आनंदाची बातमी दिली. शाळेच्या वर्धापनदिनाला लेखिका येणार होती, आणि त्या दिवशी समितीचे अध्यक्ष, म्हणजे लाकडाच्या वखारीचे मालक, व्यासपीठावरून जाहीर करणार होते की मुद्देबाई शेवटच्या दिवसापर्यंत वर्ग सोडणार नाहीत. मानपत्र छापायला गेलं होतं. ग्रंथालयाचं विचारलंत तर खेळाच्या सरांचा गुडघा दुखत होता, त्यांची सोय तिथे होणार होती.

एकदा चारशे माणसांसमोर ते जाहीर झालं की मागे फिरायला जागा उरणार नव्हती, हे बाईंना कळत होतं. मानपत्र आणि घसा यातलं एकच काहीतरी त्यांच्याकडे राहणार होतं. यजमान म्हणाले, "अगं, त्या पोरीलाच सांग ना. तिनेच मारलंय, तीच जिवंत करेल." दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे बाई वीस मिनिटं बसल्या.

वर्धापनदिनाला लेखिका तासभर आधी आली आणि शिक्षकांच्या खोलीत चहा घेत बसली. चाळिशीची, केस कापलेले, बुटांना प्रवासाची धूळ. बाईंना पाहून ती उभी राहिली, आणि हातातला कप कुठे ठेवावा ते तिला सुचेना. इतक्या वर्षांनंतरही बाईंसमोर खाण्यापिण्याची तिची हिंमत नव्हती.

डॉक्टरांनी बाईंना आता दिवसाला दहा वाक्यांची मुभा दिली होती. बाईंनी ती सगळी आजच्यासाठी राखून ठेवली होती.

"त्या बाई मी आहे का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, बाई!" लेखिका घाबरूनच म्हणाली. "तुम्ही कशा असाल? त्या तर मुद्द्यांवरून केल्या. तुम्हीच दिलेले. मी लिहायला बसले की हात आपोआप तिकडेच वळतो."

"मग मला का नाही घेतलंस?"

लेखिकेने कप शेवटी खिडकीत ठेवला. "घेतलं होतं. पहिल्या खर्ड्यात तुम्हीच होतात, अगदी होत्या तशा. प्रकाशक म्हणाले, ही बाई कोण वाचणार? पुस्तकातला शिक्षक एक तर देवमाणूस लागतो, नाहीतर राक्षस. छडी मारणारा चालतो, उपाशी मरणारा चालतो. वेळेवर घरी जाणारी बाई कुठल्या प्रकरणात बसवायची?"

हे बाईंना पटलं. मग त्यांनी सगळी हकीकत चिठ्ठ्यांवर लिहून तिच्यापुढे एकेक करून सरकवली: गाठी, ग्रंथालय, मानपत्र, खेळाच्या सरांचा गुडघा. शेवटचं मात्र तोंडाने सांगितलं. "सगळ्यांसमोर खरं सांग. त्या बाई मी नव्हे म्हणून."

"सांगते," लेखिका म्हणाली. "बाई, खरंच सांगू?"

बाईंनी मान हलवली.

सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत यजमान, स्वच्छ सदरा घालून. व्यासपीठावर मुख्याध्यापक, अध्यक्ष आणि मधे बाई. अध्यक्षांच्या मांडीवर गुंडाळलेलं मानपत्र. लेखिका बोलायला उभी राहिली आणि सरळ मुद्द्यावर आली. "या पुस्तकातल्या बाई आणि माझ्या बाई एक नव्हेत. या बाई तशा नव्हत्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष शेजारी वाकून बाईंना म्हणाले, "बघा, तुमचाच विनय तिच्यात उतरलाय." मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला. मागून कोणीतरी ओरडलं, "बाईंनी सांगायला लावलं असेल!" आणि ते तर खरंच होतं.

लेखिकेने बाईंकडे पाहिलं. बाईंनी हाताने खूण केली. वर्गात उत्तर अपुरं असलं की त्या हीच खूण करायच्या: अजून, पुढे.

"बाई बारीक नव्हत्या," लेखिका म्हणाली. लोक हसले. "डबा कोणाला देत नसत. खणात भाजलेले शेंगदाणे असायचे, तेही नाही. मधल्या सुट्टीनंतर 'मूकवाचन' असायचं. मूकवाचन म्हणजे आम्ही वाचायचं आणि बाईंनी डोळे मिटायचे. आम्ही इतकं मूक वाचायचो की घोरणं तिसऱ्या बाकापर्यंत ऐकू यायचं." यजमान मोठ्याने हसले आणि एकटेच हसत राहिले. "बाई निबंध वाचत नसत, रेघा मोजत असत. एकदा मी निबंधाच्या मधोमध आमच्या घरच्या किराणाची यादी लिहिली. साबण, तेल, मीठ. साबणाखाली रेघ मारली. सतरा मार्क मिळाले."

सभागृह आता शांत झालं होतं. अध्यक्षांच्या मांडीवरचं मानपत्र थोडं आणखी गुंडाळलं गेलं. एवढ्यावर थांबली असती तरी काम झालं असतं. पण लेखिकेला थांबायची खूण झालीच नाही. बाई समोर बघत बसल्या होत्या.

"माझी थोरली बहीण माझ्याआधी तीन वर्षं बाईंच्या हाताखालून गेली," लेखिका म्हणाली. "बाई मला दोन वर्षं तिच्याच नावाने हाक मारत होत्या. पहिल्या दिवशी मी सांगितलं की मी ती नव्हे. बाई म्हणाल्या, बरं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी हजर म्हणायला लागले." ती जरा थांबली. "पण एक सांगते. सोमवारी वही परत देते म्हणाल्या की बाई सोमवारी वही परत द्यायच्या. ताप असो, पाऊस असो, सोमवारी. नंतर मला पुष्कळ मोठी माणसं भेटली. म्हणाली त्या दिवशी परत देणारं दुसरं कोणी भेटलं नाही. म्हणून पुस्तक त्यांना दिलं."

टाळ्या झाल्या, पण तुटक. शेवटचं वाक्य बहुतेकांच्या कानांवरून गेलं; लोकांच्या मनात शेंगदाणे बसले होते. अध्यक्षांनी भाषणात शाळेच्या नव्या छपराची माहिती दिली आणि मानपत्र तसंच घरी नेलं.

फाटकाशी लेखिकेने बाईंना गाठलं. तिचे डोळे लाल होते. "बाई, जास्त झालं का हो?"

बाईंची आज सहा वाक्यं शिल्लक होती. "थोडंसं सांगायचं होतं गं."

"किती मार्कांचं थोडं, ते तुम्ही सांगितलं नव्हतंत," लेखिका म्हणाली, आणि दोघींनाही हसू आलं, आणि दोघींचंही ते नीट पुरं झालं नाही. बाईंनी तिचा हात धरला आणि तिच्या स्वतःच्या नावाने तिला हाक मारली. ते नाव पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर ठळक छापलेलं होतं, त्यामुळे त्यात काही मोठा पराक्रम नव्हता, हे बाईंनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी अर्जावर सही केली. बसा म्हणाले नाहीत. "समितीचं मत पडलं," ते कागदाकडे बघत म्हणाले, "की अशा परिस्थितीत तुम्ही वर्गावर नसलेल्याच बऱ्या." अहवालाचं पान त्यांनी उलटूनही पाहिलं नाही. भाजीवालीने कांदे मोजून दिले. खेळाचे सर लंगडत मैदानावर गेले आणि बाईंशी महिनाभर बोलले नाहीत. बाईंनाही बोलायची बंदी होती, तेव्हा ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

यजमानांना कळेना. "अगं, हवं होतं ते मिळालं ना? मग तोंड का असं?"

"मिळालं," बाईंनी लिहिलं. मागितलेलं देव देतो, पण कोणत्या हाताने देतो ते तो ठरवतो. दुसऱ्या सकाळी त्यांनी आभार मानले ते मनापासून मानले, फक्त देवापुढून नेहमीपेक्षा लवकर उठल्या.

ग्रंथालय छान होतं. ऊन अकरापर्यंत टेबलावर यायचं. पुस्तकं वाटायची, तारखेचा शिक्का मारायचा, परत आलेली जागी लावायची. सगळी कामं बिनबोलाची. पहिल्या महिन्यात घसा सुटल्यासारखा वाटू लागला. वेळ पुष्कळ, म्हणून बाईंनी कपाटातल्या कादंबऱ्या काढून त्यातल्या शाळामास्तरांचा माग घेतला. एकूण सव्वीस निघाले. अकरा छडी घेऊन होते, नऊ उपाशी होते, चौघे प्रेमात पडून गाव सोडून गेले होते आणि दोघे निव्वळ हसण्यासाठी ठेवलेले, सदऱ्याची बटणं चुकीची लावलेले. बारा शेवटच्या पानापर्यंत वारले होते. घशासाठी रजा एकानेही टाकली नव्हती. सोमवारी वही परत देण्याबद्दल कुठे अक्षर नव्हतं.

एका दुपारी ग्रंथालयात कोणीच नव्हतं. बाईंनी तीच कादंबरी पुन्हा काढली. लाल पेन या खोलीत नव्हतंच, तेव्हा नुसतीच वाचली. पोरक्या मुलीचा डबा आला, सोपी नोकरी आली आणि गेली, दोनशे ऐंशीवं पान आलं. मुद्दे सगळे ओळखीचे, त्यांनीच एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलेले. तरी त्या बारीक बाई फळ्यापुढे कोसळल्या तेव्हा मुद्देबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. किती चांगली बाई, त्यांच्या मनात आलं. लहानपणी आपल्याला शाळेत अशी बाई मिळाली असती, तर आपणही मुलांना मुद्द्यांपलीकडचं चांगलं काहीतरी शिकवलं असतं.